समुद्राखालच्या वीजकेबलमुळे मासळी हटते का?

रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका कोळी कुटुंबातील तरुणाने विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांच्या गावासमोरून पलीकडच्या काठापर्यंत वीजकेबल नेण्यासाठी मोजणी सुरू झाली आहे. घरातील जुने तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणतात की पाण्यात करंट उतरेल आणि मासळी हटेल; मोजणीला आलेले लोक म्हणतात की केबल तळात पुरली जाते, त्यामुळे काहीही होणार नाही. यात कोणाचे खरे मानावे, आणि आपले म्हणणे मांडायची वेळ आली तर नेमके काय विचारावे, हे त्यांना हवे आहे.

समुद्रतळाची पाहणी करून केबल आणि पाइपलाइन यांचे मार्ग ठरवणे आणि त्या टाकून झाल्यावर तळाचे काय झाले ते पाहणे, हे काम मी २० वर्षांहून अधिक काळ करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे आहे. तांडेलांची भीती ज्या कारणासाठी आहे ते कारण बरोबर नाही, पण भीती अगदीच निराधार नाही. आणि ‘काहीही होणार नाही’ हे वाक्य तर कोणत्याही सागरी कामाबद्दल कोणीही उच्चारू नये. तुमच्या एका प्रश्नात खरे तर चार प्रश्न दडलेले आहेत: केबलमधून बाहेर काय येते, ते कोणत्या जिवांना जाणवते, जाणवल्यामुळे मासळीच्या आवकीत फरक पडतो का, आणि केबल टाकण्याच्या कामामुळे तळाचे काय होते. शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक लक्ष त्याच्याकडेच द्यायला हवे.

उत्तर बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. केबल एसी (सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची) आहे की डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची), तिच्यातून किती अँपिअर वाहणार, तिन्ही तारा एकाच आवरणात आहेत की वेगवेगळ्या, ती किती खोल पुरली जाणार, तळ चिखलाचा आहे की वाळूचा की खडकाचा, आणि त्या तळाशी कोण राहते, एवढ्या गोष्टी कळल्याशिवाय नेमके बोलता येत नाही. आपल्याकडचे जवळचे उदाहरण घारापुरीचे आहे. तिथल्या तीन वाड्यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या समुद्राखालच्या केबलमधून कायमची वीज मिळाली. बेटावरच्या घरांपुरती वीज नेणारी अशी केबल आणि दोन देशांच्या वीजजाळ्यांना जोडणारी शेकडो मेगावॉटची केबल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. युरोपातल्या मोठ्या केबलवरच्या बातम्या वाचून घाबरण्याआधी आपल्यासमोर कोणती केबल येत आहे ते पाहावे.

आता ‘करंट उतरण्या’बद्दल. केबलच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेभोवती प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे जाड आवरण असते, त्यावर धातूचा पडदा असतो आणि बाहेरून पोलादी तारांचे चिलखत असते. हा धातूचा पडदा जमिनीशी जोडलेला असल्यामुळे तारेचे विद्युत क्षेत्र आतच अडकते. केबल धडधाकट असेल तर पाण्यात वीज उतरत नाही, आणि ती तुटली तर संरक्षक यंत्रणा क्षणार्धात प्रवाह बंद करते. मात्र चुंबकीय क्षेत्र कोणत्याही आवरणाला पुरते जुमानत नाही. ते गाळातून आणि पाण्यातून बाहेर येते, आणि अशा क्षेत्रातून पाणी वाहिले किंवा मासा पोहला की तिथे एक अगदी सूक्ष्म विद्युत क्षेत्र निर्माण होते. म्हणजे ज्याला करंट म्हणता येईल असे काही पाण्यात येत नाही, पण काहीच येत नाही असेही नाही.

हे क्षेत्र किती असते याचा अंदाज साध्या आकडेमोडीने बांधता येतो. एकट्या तारेतून १००० अँपिअरचा डीसी प्रवाह जात असेल, तर तिच्यापासून एक मीटरवर २०० मायक्रोटेस्लाचे (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्र असते आणि दहा मीटरवर २० मायक्रोटेस्लाचे. आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर २०० हा आकडा लहान नाही. पण जाणारी आणि येणारी अशा दोन तारा १५ सेंटिमीटर अंतरावर एकत्र बांधल्या, तर दोघींची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी पुसतात. मग एक मीटरवर साधारण ३० मायक्रोटेस्ला उरतात आणि पाच मीटरवर एकाच्या जवळपास. गावापुरती वीज नेणाऱ्या २२ किलोव्होल्टच्या एसी केबलमध्ये तिन्ही तारा एकाच आवरणात पीळ देऊन बसवलेल्या असतील आणि प्रवाह १०० अँपिअर असेल, तर एक मीटरवर माझ्या हिशेबाने फार तर एक मायक्रोटेस्ला येते. एसीचे क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्यामुळे त्याची पृथ्वीच्या स्थिर क्षेत्राशी सरळ तुलना करता येत नाही. तरीही मोठी केबल आणि छोटी केबल यांच्यातला फरक यावरून समजावा. हेच १०० अँपिअर तीन सुट्या केबलमधून एकमेकींपासून काही मीटर दूर नेले, तर हा पुसण्याचा फायदा बराचसा जातो. म्हणून तारा एकत्र आहेत की सुट्या, हा प्रश्न विचारायलाच हवा.

जिवांना काय जाणवते, याचे उत्तर जातीनुसार बदलते. मुशी (लहान शार्क) आणि पाखट (चपटा रे मासा) यांच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या आत जेलीने भरलेल्या नळ्या असतात. या नळ्यांमुळे त्यांना वाळूत लपलेल्या भक्ष्याच्या स्नायूंतली वीजही कळते. त्यांतल्या सर्वांत तीक्ष्ण जातींची संवेदना मीटरमागे अर्ध्या मायक्रोव्होल्टपर्यंत जाते. आपला शिंगाळाही विजेची जाणीव असणाऱ्या माशांच्या गटातला आहे, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आता तुमच्या खाडीचा विचार करा. उधाणाच्या ओहोटीला पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने धावते, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळेच त्या पाण्यात मीटरमागे काही दहा मायक्रोव्होल्टचे विद्युत क्षेत्र तयार होते. म्हणजे मुशी आणि पाखट जन्मापासून अशा क्षेत्रातच वावरतात. मोठ्या डीसी केबलजवळ तेवढ्याच प्रमाणात आणखी भर पडते, आणि ती त्यांना कळेल याबद्दल मला शंका नाही. कळल्यावर ते काय करतात, एवढाच प्रश्न उरतो.

यावर समुद्रात केलेले जे प्रयोग मी महत्त्वाचे मानतो, त्यांतला एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आहे. कनेटिकट आणि लाँग आयलंड यांना जोडणाऱ्या क्रॉस साउंड या डीसी केबलवर संशोधकांनी जाळीचे मोठे पिंजरे ठेवले आणि त्यांत पाखटाचे भाऊबंद असलेले स्केट मासे आणि शेवंडीचे नातलग असलेले लॉब्स्टर सोडून त्यांच्या हालचाली नोंदवल्या. केबलजवळच्या स्केटनी अधिक अंतर कापले, ते तळाच्या अधिक जवळून आणि संथ पोहले आणि वारंवार मोठी वळणे घेत राहिले. भक्ष्य शोधताना ते असेच वागतात. लॉब्स्टरमध्ये दिसलेला बदल सौम्य होता. पण दोन्ही जाती केबल ओलांडून येत-जात राहिल्या. केबल त्यांना भिंतीसारखी अडली नाही. माझ्या वाचनात आणि कामात हाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा समोर आला आहे की केबलजवळचा जीव दचकून पळून जाण्यापेक्षा तिथे घोटाळत राहण्याची शक्यता जास्त असते. भक्ष्य नसलेल्या जागी भक्ष्य शोधत फिरण्यात त्याची शक्ती खर्च होते. एका केबलमुळे हा खर्च किरकोळ ठरेल. एकाच पट्ट्यात दहा केबल आल्या तर तो किरकोळ राहीलच असे मी म्हणणार नाही.

बाल्टिक समुद्रातल्या काल्मार सामुद्रधुनीत ६० ईल माशांना ध्वनिसंकेत देणाऱ्या खुणा बसवून १३० किलोव्होल्टच्या एसी केबलच्या उत्तरेला सोडले होते. दिसायला आपल्या वामासारखा असलेला हा मासा अंडी घालण्यासाठी हजारो किलोमीटर दूर अटलांटिकमध्ये जातो. केबलच्या पट्ट्यात त्यांचा वेग कमी झाला आणि पुढे गेल्यावर पूर्ववत झाला. म्हणजे ते रेंगाळले, पण अडले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातली डीसी केबल २०१० मध्ये सुरू झाली. तिथे समुद्राकडे निघालेल्या सामन माशांच्या पिल्लांवर लक्ष ठेवले गेले, तेव्हा समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या पिल्लांचे प्रमाण घटलेले आढळले नाही, मात्र काही पिल्लांच्या वाटा थोड्या वळल्या. त्याच उपसागरातल्या मोजणीत एक वेगळी गोष्टही समोर आली: तिथल्या पुलांच्या पोलादामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा फरक केबलमुळे होणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. ज्या खाडीत पूल, जेट्टी आणि बुडालेल्या बोटी आहेत तिथे केबल हे चुंबकीय गडबडीचे एकमेव कारण नसते. चुंबकमापक घेऊन खाडीत फिरताना मला हे दर वेळी दिसते.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांबाबत मात्र एक सावधगिरी बाळगावी. स्कॉटलंडमध्ये खेकड्यांवर झालेल्या प्रयोगांत ५०० आणि १००० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात खेकडे त्या क्षेत्राकडे ओढले गेले आणि त्यांच्या रक्तातल्या काही घटकांत बदल दिसले. २५० मायक्रोटेस्लाला परिणाम मर्यादित होता. अंड्यांवरच्या प्रयोगात २८०० मायक्रोटेस्लाला लॉब्स्टरच्या पिल्लांत व्यंगे वाढली. या बातम्या आपल्याकडेही फिरतात, पण त्यांतला आकडा सोबत फिरत नाही. पुरलेल्या केबलच्या वर, तळावर एवढे क्षेत्र नसते. उलट नॉर्वेतील संशोधकांनी हॅडॉक माशाच्या पिल्लांना ५० ते १५० मायक्रोटेस्लाच्या, म्हणजे मोठ्या डीसी केबलजवळ खरोखर मिळू शकणाऱ्या क्षेत्रात ठेवले, तेव्हा बहुतेक पिल्लांचा पोहण्याचा वेग घटला. त्याच संशोधकांना सँडईलच्या पिल्लांत मात्र काहीच फरक दिसला नाही. स्कॉटलंडच्या आकड्यांपेक्षा मला हा प्रयोग अधिक विचार करायला लावतो. बोंबील, मुशी, शेवंड आणि चिंबोरी यांना एकच उत्तर लागू पडणार नाही, आणि परदेशातल्या थंड पाण्यातल्या जातींवरून आपल्या जातींबद्दल ठाम विधान करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

डीसी केबलबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे विचारावी लागते. काही जुन्या योजनांत एकच तार टाकून प्रवाहाची परतीची वाट समुद्राच्या पाण्यातून ठेवली जात असे. स्वीडनची मुख्य भूमी आणि गॉटलंड बेट यांना जोडणारी १९५४ मधली केबल अशीच होती. अशा व्यवस्थेत पाण्यात खरोखर वीज सोडली जाते आणि धन विद्युतअग्रापाशी, म्हणजे पाण्यात प्रवाह सोडणाऱ्या टोकापाशी, क्लोरीन तयार होतो. म्हणजे तांडेलांची भीती तिथे अक्षरशः खरी ठरते. म्हणूनच स्वीडन-पोलंड केबल आणि ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी व टास्मानिया यांच्यामधली २००६ साली सुरू झालेली बासलिंक केबल यांच्या वेळी आक्षेप घेतले गेले आणि परतीसाठी वेगळी धातूची तार टाकण्यात आली. तुमच्या खाडीतली केबल बहुधा एसीच असेल, तेव्हा हा प्रश्न उद्भवणार नाही. तरी लेखी विचारून घ्यावे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. पूर्ण भाराने चालणारी केबल गरम होते आणि तिच्याभोवतीचा गाळही तापतो. जर्मनीत तळाखाली २० सेंटिमीटर खोलीवर दोन अंशांपेक्षा जास्त वाढ होऊ नये, असा दंडक पाळला जातो, आणि पुरेशी खोल पुरलेली केबल तो सहसा पाळते. गाळात राहणाऱ्या किड्यांपलीकडे तिची झळ पोहोचत नाही.

आता ज्या भागाबद्दल मला सर्वाधिक कळकळ आहे तिकडे वळतो. केबल पुरण्यासाठी तळात नांगरासारखे अवजार ओढतात किंवा पाण्याच्या जोरदार झोताने चर पाडतात. त्या पट्ट्यातले शिंपले, कालवे आणि किडे त्या दिवशी मरतात आणि उडालेला गाळ प्रवाहाबरोबर पसरतो. वाळूच्या किंवा चिखलाच्या हलत्या तळावर जीवसृष्टी काही महिन्यांत ते एक-दोन वर्षांत परत येते. बासलिंकच्या पाहणीतही चर भरून आल्याचे आणि खडकाळ भागातल्या लोखंडी आवरणावर आसपासच्यासारखीच जीवसृष्टी वसल्याचे दिसले. आपल्या खाड्यांचे पाणी मुळातच गढूळ असते, त्यामुळे काही आठवड्यांचा गाळ इथले जीव सोसतात. पण जिथे कालवांचे खडक आहेत, जिथे चिंबोरीची पिल्ले वाढतात किंवा जिथे कांदळवन आहे, तिथे झालेले नुकसान इतक्या लवकर भरून येत नाही. कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर बंदी घातली आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित मानला आहे. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. किनाऱ्याला लागताना केबल कांदळवनाच्या खालून आडवे भोक पाडून नेता येते. ते महाग पडते, म्हणून टाळले जाते. तुम्ही ते आग्रहाने मागावे.

दुसरा धोका केबल उघडी पडण्याचा आहे. एका कामात आम्ही कागदावर दीड मीटर खोल पुरलेली केबल पहिल्याच पावसाळ्यानंतर पाहायला गेलो, तेव्हा खाडीच्या वळणावर प्रवाहाने वाळू नेल्यामुळे तिचा बराच भाग तळावर उघडा पडलेला होता आणि काही ठिकाणी तर ती दोन उंचवट्यांमध्ये दोरीसारखी अधांतरी लोंबत होती. केबल टाकल्यानंतर तिथे कोणी पाहणीच केलेली नव्हती. क्षेत्र अंतरानुसार कमी होते हे वर सांगितलेच आहे; पुरण्याची खोली गेली की तळाशी राहणारा पाखट केबलला थेट टेकतो आणि आकडेमोड साफ बदलते. जुन्या तारायंत्राच्या काळात सैल पडलेल्या केबलमध्ये देवमासे अडकून मेल्याच्या नोंदी आहेत. १९५९ नंतर अशी नोंद नाही, कारण केबल ताणून आणि पुरून टाकण्याची पद्धत सुधारली. केबल तळात राहिली पाहिजे, ही अट केबलच्या रक्षणासाठी जितकी आहे तितकीच जिवांसाठीही आहे.

तुमच्या दृष्टीने याचा सर्वांत थेट संबंध डोल जाळ्यांशी, म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात उभ्या ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांशी, येतो. डोलीचे खुंट, ज्यांना उत्तरेकडच्या किनाऱ्यावर कव म्हणतात, तळात खोलवर ठोकले जातात, आणि त्यांच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. सर्वेक्षणाच्या नकाशावर या जागा बहुधा नसतात, कारण मोजणी करणारी बोट त्या दिवशी दिसलेले खुंट तेवढे नोंदवते. पुढे केबलच्या दोन्ही बाजूंना नांगर टाकायला आणि जाळी ओढायला मनाई होते. न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीत असा संरक्षित पट्टा सुमारे सात किलोमीटर रुंद आहे. तुमच्याकडचा पट्टा त्याच्या तुलनेत अगदी अरुंद असेल, पण खाडीही अरुंदच आहे. म्हणजे मासळी हटली नाही तरी मासेमारी हटू शकते. आवक घटल्याचे पुढे जे सांगितले जाते, त्याचे कारण पुष्कळदा चुंबकीय क्षेत्रापेक्षा हेच निघते, आणि ते केबल पडण्याआधी बोलून सोडवता येते.

म्हणून महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव जाण्याआधी ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी यांच्यामार्फत काही गोष्टी लेखी मागा. केबलचा प्रकार आणि कमाल प्रवाह किती, तारा एकत्र की सुट्या, आणि तळावर किती मायक्रोटेस्ला येतील याचा हिशेब मागा. मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर पुरण्याची खोली किती, आणि पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक पावसाळ्यानंतर पाहणी करून तिचा अहवाल गावाला देणार का, ते विचारा. मासळीच्या विणीचा आणि पावसाळी बंदीचा, म्हणजे १ जून ते ३१ जुलैचा, काळ काम ठरवताना कसा हिशेबात घेतला आहे, हेही विचारा. डोलीच्या जागांचा नकाशा मात्र तुम्हीच तयार करून द्या. तांडेलांना बोटीत बसवून मोबाइलवर प्रत्येक खुंटाचे अक्षांश-रेखांश नोंदवले तर दोन ओहोट्यांत काम होते.

आणि केबल पडण्याआधीची नोंद आजच सुरू करा. गेल्या २० वर्षांत ‘केबलनंतर मासळी कमी झाली’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आणि ती खरी की खोटी हे एकदाही ठरवता आले नाही, कारण आधीचा आकडा कोणाकडेच नव्हता. बोंबलाची आवक अशीही वर्षावर्षाला खालीवर होते, त्यामुळे आठवणीच्या आधारावर केलेला दावा कोणीही खोडून काढतो. एक साधी वही ठेवा. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, कोणती डोल, किती तास, बोंबील किती, कोळंबी किती, मुशी, पाखट आणि शिंगाळे किती, एवढे लिहा. केबलच्या मार्गाजवळच्या दोन डोली घ्या आणि तशाच खोलीच्या, पण मार्गापासून दोन-तीन किलोमीटर दूर असलेल्या दोन डोली घ्या, आणि चारही ठिकाणी एकाच पाण्याला, म्हणजे एकाच भरती-ओहोटीला, नोंद करा. पुढे सगळीकडे सारखीच घट झाली तर कारण वेगळे असेल. फक्त मार्गाजवळच्या डोलींत झाली तर तुमच्या हातात पुरावा असेल. ऑगस्टमध्ये हंगाम उघडल्यापासून मेअखेरपर्यंतचा एक पूर्ण हंगाम केबलच्या आधी मिळायला हवा, त्यामुळे काम सुरू होण्याची तारीख सर्वांत आधी विचारून घ्या.